हट्टी की चिकाटीची?

गटातल्या बायका दवाखान्याचा कागद वाचायला आणतात, त्यावर बरेचदा असतं 'पर्सिस्टंट कफ'. मैत्रिणींनो, इंग्रजीतला हा 'कफ' म्हणजे आपला छातीतला कफ नव्हे, तो खोकला. आणि 'पर्सिस्टंट' म्हणजे चिवट, पाठ न सोडणारा. दोन आठवडे होऊनही खोकला हटत नसेल तर काढे पुरे झाले. सरकारी दवाखान्यात जाऊन बेडका तपासून घ्या, क्षयाची ही तपासणी तिथे मोफत होते.

हाच शब्द माणसालाही लावतात. पुन्हा पुन्हा परीक्षेला बसणारी विद्यार्थिनी पर्सिस्टंट, अन् नको म्हटलं तरी दारातून न हलणारा विक्रेताही पर्सिस्टंट! मराठीत मात्र आपण निवड करतो. आवडलं तर चिकाटी, जिद्द. नावडलं तर हट्ट, हेका. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), शब्द ठरतो तो माणूस बघून. एमपीएससीला तिसऱ्यांदा बसणारा मुलगा जिद्दी. शिकायचंय म्हणून स्थळ नाकारणारी मुलगी? "लई हट्टी हाये पोरगी."

इंग्रजीत हट्टीसाठी वेगळा शब्द आहे, 'ऑब्स्टिनेट'. समोरच्याचं पटण्यासारखं असलं तरी न ऐकणारा तो ऑब्स्टिनेट. काम न सोडणारा तो पर्सिस्टंट. हा फरक आपल्या बोलण्यात पुसला जातो, आणि पुसला जातो तो बहुतेक मुलींच्याच बाबतीत.

आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांचंच घ्या. १८८१ साली सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्या निमित्तानं काही वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांनाच नावं ठेवली. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून जाब विचारला. जे दुर्गुण बायकांना चिकटवता, ते पुरुषांत नाहीत का? हेका धरणारी बाई असा मुद्द्याला मुद्दा देत नाही. टीका खूप झाली. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही.

पुस्तक मात्र पर्सिस्टंट निघालं. विस्मरणात गेलेलं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणलं, आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.