ताऱ्यांचे आयुष्य आणि मरण

चैत्र सरता सरता, व्याख्यान आटोपून घरी परतताना पश्चिमेकडे पाहिले तर मृग नक्षत्र मावळतीला कललेले दिसते. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आपल्या परिचयाचा आहे. तो मारणारा व्याध डावीकडे, जरा वरच्या अंगाला, लखलखत असतो. आणि बाणाच्या उजवीकडे वर जो तांबूस तारा दिसतो तो काक्षी. ताऱ्यांच्या जन्ममरणाची हकीकत सांगावयास हे दोन तारे आम्हांस पुरे आहेत.

तारा जळतो असे आपण म्हणतो खरे, पण चुलीत लाकूड जळते तसा तो जळत नाही. आपला सूर्य जर कोळशाचा असता तर काही हजार वर्षांतच त्याची राख झाली असती. त्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश उष्णतेत हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळून हेलियम होतो. दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा खर्ची पडतो आणि त्यातील ४० लाख टनांचे तेज होऊन जाते. स्वतःच्याच भाराने तारा सारखा आत कोसळू पाहत असतो; ही आतली उष्णता त्याला सावरून धरते. ही ओढाताण बरोबरीची आहे तोवर ताऱ्याचे तारुण्य. सूर्याची ४६० कोटी वर्षे अशी गेली, आणि जवळजवळ तेवढीच अजून जावयाची आहेत.

आता कोणासही वाटेल की, ज्याच्या कोठारात धान्य अधिक तो तारा अधिक दिवस जगेल. प्रकार नेमका उलटा आहे. व्याधाचे वजन सूर्याच्या दुप्पट, पण तेज २५ पट. मिळकत दुप्पट आणि खर्च पंचवीसपट, अशा घराचे काय होते ते श्रोत्यांस आम्ही सांगावयास नको! काक्षी तर सूर्याच्या पंधरा-वीसपट वजनाचा. त्याचे वय फार तर एक कोटी वर्षे, म्हणजे सूर्यापुढे कालचे पोर. पण म्हातारपण त्याला आधीच गाठून बसले आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर तो असा फुगला आहे की, सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीच काय, मंगळही त्याच्या पोटात जाईल. त्याचा तांबडा रंग हा या फुगून थंड झालेल्या पृष्ठभागाचा रंग होय.

व्याधाची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. १८४४ साली जर्मन ज्योतिषी बेसेल यांना त्याची चाल किंचित नागमोडी आढळली, आणि त्यांनी ताडले की त्याला कोणी अदृश्य सोबती असावा. १८६२ साली अमेरिकेत आल्व्हन क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. वजन सूर्याएवढे, पण आकार मात्र पृथ्वीहूनही किंचित लहान! तेथील चमचाभर द्रव्य दहा टनांहून अधिक भरेल. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात. हे दोघे सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी एकत्रच जन्मले. त्यांतील हाच भाऊ जन्मतः अधिक वजनदार होता, म्हणून आधी संपला. अंगावरचे थर अवकाशात उधळून गेले आणि हा निखारा तेवढा मागे राहिला. सूर्याचीही अखेर अशीच व्हावयाची आहे.

पण या निखाऱ्याला कोसळण्यापासून आवरते कोण? त्यात उष्णता निर्माण होत नाही. दाटीवाटीने कोंबलेले इलेक्ट्रॉन आणखी दाबले जाण्यास विरोध करतात, त्यावर तो तग धरतो. हा विरोध वाटेल तेवढा भार सोसतो अशी तेव्हा समजूत होती. १९३० च्या जुलैअखेर सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हा १९ वर्षांचा तरुण मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला. त्या प्रवासात त्याने सापेक्षतेचा सिद्धान्त लावून हिशेब केला, तेव्हा विरोधाला मर्यादा असल्याचे दिसून आले. पुढे ती सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. त्याहून जड निखारा टिकूच शकत नाही. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा खुद्द एडिंग्टन यांनी त्याची थट्टा केली. तारा असा विचित्र वागू नये म्हणून निसर्गात काही नियम असलाच पाहिजे, असे ते म्हणाले. एवढ्या थोर पुरुषाकडून असा अन्याय व्हावा याचे आम्हांस आजही वाईट वाटते. चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ साली.

काक्षीच्या गाभ्यात अखेर लोखंड साचेल. लोखंडापासून आणखी उष्णता निघत नाही. तो लोखंडी गाभा चंद्रशेखरांची मर्यादा ओलांडील, त्या क्षणी सेकंदाच्या आत कोसळेल आणि बाहेरचा सारा तारा फुटून निघेल. शेजारच्या वृषभ राशीत असा एक स्फोट १०५४ साली दिसला होता. चिनी ज्योतिष्यांनी तो तारा २३ दिवस भर दिवसा पाहिल्याची नोंद केली आहे. त्या जागी आज पसरलेला तेजोमेघ आहे आणि मध्ये, जेमतेम पुणे शहराएवढ्या व्यासाचा, सेकंदास ३० फेरे घेणारा सूर्याहून जड गोळा.

२०१९ च्या अखेरीस काक्षी एकाएकी मंदावला, तेव्हा त्याची घटका भरली असे पुष्कळांना वाटले. पण ती त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीची आड होती. २०२० चा उन्हाळा लागेतो तो पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला. पुढील एक लाख वर्षांत केव्हा तरी तो फुटेल, एवढेच ज्योतिषी सांगतात. तोवर, आकाश निरभ्र असेल तर, आज रात्रीही तो बाणाच्या उजवीकडे दिसेल.