विश्लेषण : पडद्यावर दिसले ते न्यायालयात टिकते का? जालन्याचा खटला काय सांगतो?

बदनाम नेत्यावरचा माहितीपट पाहताना आपण कॅमेऱ्यावर सहज विश्वास ठेवतो. अमेरिकेतील अँथनी वीनर यांच्यावरचा ‘वीनर’ (२०१६) हे त्याचे उदाहरण. अश्लील छायाचित्रांच्या प्रकरणात त्यांनी २०११ मध्ये खासदारकी सोडली. २०१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले, तेव्हा तशाच नव्या प्रकरणाने प्रचार कोसळला. ते सारे कॅमेऱ्यात टिपले गेले. न्यायालय मात्र चित्रीकरणाकडे प्रेक्षकासारखे पाहत नाही. त्यासाठीची अट जालन्याच्या एका खटल्यात पक्की झाली.

प्रकरण काय होते?

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांनी काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. वाद होता वेळेचा. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत संपल्यावर स्वीकारला, असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणाच्या सीडी पुरावा म्हणून पुढे आल्या. त्यासोबतचे प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही गोरंट्याल यांना मिळाले नाही.

न्यायालयांनी काय ठरवले?

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने खोतकर यांचे अपील फेटाळले. इतर पुरावेही पुरेसे होते आणि प्रमाणपत्रासाठी गोरंट्याल यांनी शक्य ते सगळे केले होते, असे पीठाने नमूद केले. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदार झाले होते.

नियम काय?

मूळ उपकरण न्यायालयात हजर केले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत दिली, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब नुसार ते बंधनकारक आहे. संबंधित यंत्रणा ते देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

आपल्यासाठी अर्थ काय?

माहितीपटातील दृश्य असो वा व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप, न्यायालयासाठी ती प्रतच. म्हणून एखादा गैरप्रकार तुम्ही टिपलाच, तर ज्या फोनवर टिपला तो फोन आणि त्यातली मूळ फाइल जपून ठेवा.