नेम बरोबर, तरी बाण डावीकडे का? जाणून घ्या ‘स्पाइन’चं गणित

पारंपरिक इंग्लिश लाँगबोमध्ये बाण मुठीच्या एका बाजूला टेकतो. त्यामुळे दोरी सुटल्यावर त्याला मुठीला वळसा घालूनच पुढे जावं लागतं. बाण वाकतो, मुठीला चुकवतो आणि डोलत डोलत सरळ होतो. यालाच ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ म्हणतात.

स्पाइन म्हणजे काय?
बाणाचा ताठपणा. लाकडी बाण २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध २ पाउंड वजन टांगतात. बाण अर्धा इंच वाकला, तर २६ भागिले ०.५, म्हणजे स्पाइन ५२ पाउंड.

चुकलं तर?
उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण जास्त ताठ असेल, तर डावीकडे जातो. जास्त लवचिक असेल, तर उजवीकडे. डावखुऱ्यांचं उलट. जोरदार धनुष्यावर फारच लवचिक बाण मोडून हाताला इजाही होऊ शकते.

उपाय काय?
बाण ताठ वाटतोय? जड टोक लावा. लवचिक वाटतोय? हलकं टोक लावून पाहा. बाण कापल्यानेही ताठपणा वाढतो, पण कापलेला बाण पुन्हा लांब होत नाही. म्हणून आधी टोक बदला, करवत शेवटी!