बेने इस्राएल समाजातील सेवाकार्य

बेने इस्राएल हा कोकणात शतकानुशतके स्थायिक झालेला व मराठी मातृभाषा असलेला ज्यू समाज होय. या समाजात परस्परसाहाय्य, शिक्षणप्रसार, रुग्ण व वृद्धांची शुश्रूषा आणि समान हक्कांसाठीचे प्रयत्न यांची दीर्घ परंपरा आहे. समाजाची प्रार्थनालये मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे व रायगड जिल्ह्यात एकवटलेली आहेत. त्यामुळे चांदूर बाजार, अचलपूर यांसारख्या वऱ्हाडातील गावांमधील वाचकांना या समाजाची माहिती सहसा पाठ्यपुस्तकातील एखाद्या ओळीपलीकडे नसते.

संकल्पना

ज्यू धर्मात गरजूस दिलेल्या साहाय्याला ‘त्सदाका’ म्हणतात. मराठीत त्याचे भाषांतर ‘दान’ असे केले जाते. परंतु ते अपुरे आहे. हा शब्द न्याय या अर्थाच्या ‘त्सेदेक’ या हिब्रू शब्दाशी संबंधित आहे. दानात देणाऱ्याचे पुण्य केंद्रस्थानी असते, तर त्सदाकात घेणाऱ्याचा हक्क. देणाऱ्याने उपकार केलेला नसून स्वतःकडे असलेला दुसऱ्याचा वाटा परत केला आहे, अशी त्यामागील धारणा आहे. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मैमोनिदीस याने त्सदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत गरजू माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे ही सर्वांत वरची पायरी मानली आहे. पैशाऐवजी श्रम, वेळ व सोबत देण्याच्या कृतीला ‘गमिलुत हसादिम’ अशी वेगळी संज्ञा आहे. ही कृती श्रीमंतासाठीही करता येते आणि मृतासाठीही, म्हणून ती त्सदाकाहून श्रेष्ठ समजली जाते. गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि हातात खराटा घेऊन गावे झाडली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा भेद समजण्यास अडचण पडू नये.

जमातीची व्यवस्था

कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पुढे लष्करातील व सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने ते मुंबईत आले. तेथे सॅम्युएल इझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकर यांनी 1796 मध्ये समाजाचे पहिले प्रार्थनालय बांधले. हेच आजचे ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. बोलीभाषेत प्रार्थनालयाला ‘मशीद’ म्हणण्याचा प्रघात होता.

प्रत्येक जमातीचा कारभार मुकादम व चौगुले पाहत, हिशेब गब्बईकडे असे आणि प्रार्थना हजान चालवी. या पदनामांवरूनच समाजाने हिब्रू धर्मव्यवस्था मराठी गावगाड्याच्या चौकटीत किती सहज बसवली ते दिसते. सणाच्या दिवशी धर्मग्रंथासंबंधीचे मान बोली लावून घेतले जात आणि त्यातून जमातीच्या निधीत भर पडे.

मात्र या व्यवस्थेचा खरा कस मृत्यूच्या प्रसंगी लागतो. मृतदेहाला स्नान घालणे, साधे पांढरे कफन नेसवणे आणि दफन करणे ही कामे समाजातील माणसे स्वतः करतात. कफन गरीब व श्रीमंतासाठी सारखेच असते. सुतकाच्या सात दिवसांत घरच्यांना आप्त व शेजारी जेवण पुरवतात. सामूहिक प्रार्थनेसाठी परंपरेने किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती, म्हणजे ‘मिन्यान’, आवश्यक असते. ज्या गावात चार घरे उरली आहेत तेथे दहावा माणूस होण्यासाठी दुसऱ्या गावाहून येणे हीसुद्धा सेवाच ठरते.

शिक्षण

समाजाने संघटितपणे हाती घेतलेले पहिले मोठे कार्य शिक्षणाचे होय. हाईम सॅम्युएल केहिमकर (जन्म 1830) यांनी बंधूंच्या साहाय्याने 1853 मध्ये शिक्षणप्रसारासाठी एक हितवर्धक संस्था स्थापन केली. 1875 मध्ये मुंबईत इस्राएली शाळा सुरू झाली. तत्पूर्वी समाजातील मुले प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या शाळांत शिकत. ते शिक्षण चांगले असले तरी धर्मशिक्षणाची वाण राहत असे. केहिमकरांच्या शाळेने ती भरून काढली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचे नाव मिळाले. माझगाव येथील या शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी ज्यू नाहीत. एका लहान समाजाने स्वतःच्या मुलांसाठी उभारलेली संस्था परिसरातील सर्व धर्मांच्या मुलांची झाली, हे तिचे मोठेच यश मानावे लागेल.

या शाळेच्या प्राचार्य रिबेका रुबेन (1889–1957) यांनी 1922 पासून 1950 पर्यंत ती सांभाळली. 1905 च्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या.

स्त्रियांचे कार्य

1913 मध्ये मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळाची स्थापना झाली. डॉ. जेरुशा झिराड या समाजातील स्त्री-कार्यकर्त्यांत अग्रगण्य होत. लंडनहून प्रसूतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आल्यावर त्या 1928 ते 1947 या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची त्यांनी केलेली पाहणी 1941 मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणात स्त्री दगावली की ‘नशीब’ म्हणून विषय मिटवला जात असे, त्या काळात प्रत्येक मृत्यूमागील टाळता येण्याजोगे कारण शोधणे हे वैद्यकीय काम तर होतेच, शिवाय न्यायाचेही होते. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लंडनमधील वास्तव्यात उदारमतवादी ज्यू विचारांशी परिचय झाल्याने त्यांनी 1925 मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन स्थापन करण्यात पुढाकार घेतला. ही जमात पुढे ‘रोदेफ शालोम’ या नावाने ओळखली गेली.

समाजाबाहेरील कार्य

समाजातील डॉ. एलिजा मोझेस हे 1937–38 मध्ये मुंबईचे महापौर होते. वरळी व महालक्ष्मी परिसरातील डॉ. ई. मोझेस मार्ग त्यांच्याच नावाचा आहे. पुण्याचे ससून रुग्णालय मात्र बेने इस्राएलांचे नव्हे, तर बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून (1792–1864) यांच्या देणगीचे फळ. 1867 मध्ये उघडलेल्या या रुग्णालयात आजही राज्याच्या अनेक जिल्ह्यांतील गोरगरीब उपचार घेतात. अलीकडच्या काळात, 2012 पासून, ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ या उपक्रमाखाली विविध देशांतील ज्यू तरुण स्वयंसेवक कळवा येथील झोपडपट्टीत मुलांना शिकवण्यासाठी येऊ लागले. शिकवणीबरोबर मुलांना पोषक आहारही दिला जातो.

समान हक्कांचा प्रश्न

न्यायाची परंपरा सांगणाऱ्या समाजात अन्यायही होते. पूर्वी मिश्रविवाहातून जन्मलेल्यांना ‘काळे’ व इतरांना ‘गोरे’ इस्राएल म्हणत. ‘काळ्यां’ना प्रार्थनालयात बरोबरीचा मान नसे आणि बेटीव्यवहारही होत नसे. दुसरीकडे, स्वतः बेने इस्राएलांनाही बगदादी ज्यूंकडून हीच वागणूक मिळाली. 1836 मध्ये मुंबईच्या सामाईक दफनभूमीत दोन्ही गटांच्या कबरींमध्ये भिंत घालण्याची मागणी बगदादींनी केली होती. सोवळे-ओवळे मृत्यूनंतरही सुटत नाही, याचा हा पुरावा.

सर्वांत तीव्र संघर्ष इस्राएल देशात घडला. 1948 नंतर तेथे स्थलांतरित झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांसाठी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, अशा सूचना मुख्य धर्मपीठाने 1960 च्या दशकाच्या आरंभी दिल्या. म्हणजे शतकानुशतके शब्बाथ पाळणाऱ्यांना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करावे लागणार होते. याविरुद्ध मोर्चे निघाले आणि 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरण्यात आले. ऑगस्ट 1964 मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याची ग्वाही दिली, आणि त्यानंतर धर्मपीठाने सूचनांतून समाजाचे नाव वगळले. आंदोलकांपैकी पुष्कळ जण कारखान्यांत काम करणारे व हिब्रू अद्याप नीट न येणारे होते, ही बाब लक्षणीय आहे.

सद्यःस्थिती

स्वातंत्र्याच्या सुमारास समाजाची लोकसंख्या अंदाजे 20,000 होती. आता भारतात केवळ काही हजार लोक उरले आहेत. त्यामुळे सेवेचे स्वरूप बदलले आहे. ज्यांची मुले इस्राएलला गेली अशा वृद्धांची औषधे, किराणा व सोबत हा मुख्य प्रश्न झाला आहे. त्यासाठी अमेरिकन ज्युइश जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी ही संस्था मुंबईत साहाय्य करते. ‘ओआरटी इंडिया’ ही संस्था 1960 च्या दशकापासून व्यवसायशिक्षण देत आली आहे; मैमोनिदीसाची वरची पायरी ती हीच. ठाण्यातील 1879 चे ‘शाआर हाशामायिम’ हे प्रार्थनालय आज गजबजलेले असते. रेवदंडा, अलिबाग व पनवेल येथील जुनी प्रार्थनालये मात्र मोजक्या कुटुंबांनी जपली आहेत. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.