खाटा किती, ते छप्पर ठरवतं

निर्जन बेटं माणसाला सापडली नाहीत म्हणून निर्जन राहिली, असं क्वचितच घडतं. आसपासचे कोळी तिथे जातात, जाळी वाळत घालतात, नारळ उतरवतात आणि दिवस कलायच्या आत होडी परत वळवतात. मुक्काम करत नाहीत, कारण प्यायला पाणी नसतं. म्हणून अशा बेटावर पर्यटकांसाठी ‘पर्यावरणस्नेही’ निवास उभारायचा म्हटलं, की माहितीपत्रकात सौर पॅनेल आणि बांबूच्या खुर्च्या कितीही झळकोत, हिशेबाची पहिली ओळ पाण्याचीच असते.

प्रवाळाच्या बेटावर पडलेला पाऊस सच्छिद्र चुनखडकातून झिरपत खाली जातो. तिथे समुद्राचं पाणी आधीच मुरलेलं असतं. गोड्या पाण्याची घनता १ मानली तर खाऱ्याची साधारण १.०२५. एवढ्याशा फरकावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. बेटाच्या मध्यभागी जाड, किनाऱ्याकडे पातळ, भिंगासारखं. समुद्रसपाटीच्या वर या गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर सपाटीच्या खाली ४० मीटरपर्यंत गोडं पाणी मिळायला हवं, असं गणित सांगतं. बाडोन घायबेन या डच लष्करी अभियंत्याने ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं आणि जर्मनीच्या हेर्झबर्गने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे. हेर्झबर्गच्या लेखाचा विषय काय होता? उत्तर समुद्रावरच्या हवापालटाच्या गावांचा पाणीपुरवठा. भूजलशास्त्रातलं हे पाठ्यपुस्तकी सूत्र हेर्झबर्गने मांडलं ते सुटीवर आलेल्या लोकांची तहान भागवताना.

सूत्राची दुसरी बाजू मात्र महागात पडते. पंप लावून विहिरीची पातळी १० सेंटिमीटर खाली ओढली, की खालचं खारं पाणी ४ मीटर वर चढू पाहतं. लहान बेटावर भिंगाची जाडी मुळात काही मीटरच असते. विहीर एकदा मचूळ झाली, की ती पुन्हा गोडी व्हायला पावसाळ्यांमागून पावसाळे जावे लागतात. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचं आपल्याला अप्रूप वाटतं ते उगाच नाही.

विहिरीच्या भानगडीतच न पडलेलं एक बेट आहे. झांझिबार शहराच्या दक्षिणेला १२-१३ किलोमीटरवरचं चुंबे. आकार जेमतेम वीसेक हेक्टर, जमीन म्हणजे प्रवाळाचा खडबडीत खडक, त्यावर दाट झाडोरा आणि ब्रिटिशांनी १९०४ मध्ये बांधलेलं दीपगृह. दीपगृहाचा राखणदार सोडला तर वस्ती अशी नव्हतीच. सिबिले रीडमिलर या जर्मन बाईंनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झांझिबार सरकारकडे धरणं धरल्यासारखा पाठपुरावा केला आणि १९९४ मध्ये पश्चिमेचा प्रवाळपट्टा अधिकृतपणे संरक्षित झाला. शेजारच्या गावांतल्या कोळ्यांना प्रशिक्षण देऊन तिथले रक्षक म्हणून नेमलं. जहाजांतून शिरलेल्या काळ्या उंदरांचा १९९७ मध्ये नायनाट केला. पाहुणे १९९८ पासून येऊ लागले. त्यांच्यासाठी झोपड्या आहेत सात.

ही सातची संख्या कुणाच्या साधेपणाच्या हौसेतून आलेली नाही. प्रत्येक झोपडीचं झावळ्यांचं छप्पर अवाढव्य आहे, कारण पावसाचं पाणी गोळा करणं हे त्याचं मुख्य काम. पागोळ्यांचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून जमिनीखालच्या हौदात उतरतं. तिथून ते हातपंपाने वर चढवायचं, सौर उष्णतेवर तापवायचं आणि अंघोळीला घ्यायचं. पंखा, एसी काही नाही. समोरची झडप दोरीने खाली सोडली, की समुद्राचा वारा थेट बिछान्यापर्यंत.

आता साधा हिशेब मांडू. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०० लिटर पाणी होतं. वर्षाला १,५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर दीड लाख लिटर. दिवसाला सुमारे ४१० लिटर. भारतातल्या शहरांसाठी धरतात ते माणशी १३५ लिटरचं प्रमाण लावलं, तर एका छपरावर तिघांचं भागतं. तेही सगळं पाणी हाती लागलं तर. काही झावळ्यांतच जिरतं, काही हौद भरल्यावर वाहून जातं. शिवाय तिथला पाऊस मार्च ते मे ‘मसिका’ आणि वर्षअखेरीला ‘वुली’ अशा दोन हप्त्यांत पडतो, मधली ओढ हौदाने काढायची. आठवी झोपडी बांधायची तर आठवं छप्पर आणि आठवा हौद आलाच.

ही अट तोडायचा मार्ग अर्थातच आहे: समुद्राचं पाणी गोडं करायचं. मालदीवमध्ये १९७२ साली एका निर्जन बेटावर ‘कुरुंबा’ सुरू झालं आणि ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशी रीतच पडली; तिथला आजचा पसारा निक्षारीकरणाशिवाय एक दिवसही चालणार नाही. अर्धपार्य पडद्यातून दाब देऊन १,००० लिटर गोडं पाणी काढायला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. डिझेल जनरेटरवर म्हणाल तर सुमारे लिटरभर डिझेल. आपल्या चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला वेगळी युक्ती केली. पृष्ठभागाच्या कोमट पाण्याचं कमी दाबाखाली बाष्प होऊ द्यायचं आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने निववून त्याचं पुन्हा पाणी करायचं. दिवसाला १ लाख लिटर.

पण पाणी आणायची सोय झाली, की ते जाणार कुठे हा प्रश्न उरतोच, आणि पर्यटन प्रकल्पांच्या चर्चेत मला तो नेहमी शेवटच्या पानावर ढकललेला दिसतो. न्हाणीघरात गेलेला प्रत्येक लिटर सांडपाणी होऊन बाहेर येतो. चुनखडकात शोषखड्डा खणला, तर त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस भेगांमधून थेट प्रवाळाकडे पोहोचतो. प्रवाळ वाढतात ते पोषकद्रव्यं जवळजवळ नसलेल्या नितळ पाण्यात. खत मिळालं की शेवाळ फोफावतं आणि त्यांना झाकून टाकतं. काचेसारखं स्वच्छ दिसणारं पाणी पाहायला लोक येतात, ते स्वच्छ आहे तेच मुळी उपाशी असल्यामुळे.

चुंबेच्या शौचालयात म्हणून फ्लश नाही. वापर झाला की वरून सुका पालापाचोळा टाकायचा. पाचोळ्यातला कार्बन आणि मैल्यातला नायट्रोजन यांचं प्रमाण जुळलं आणि हवा खेळती राहिली, की जिवाणू दुर्गंधीशिवाय त्याचं खत करतात. हवेसाठी उंच नळी छपराबाहेर काढलेली असते. अंघोळीचं पाणी गाळून झाडांच्या वाफ्यात सोडतात. झाडं अशी निवडलेली, की नायट्रेट आणि फॉस्फेट अधाशासारखी ओढून घेतील. पावसावर भागवायचं ठरवल्यामुळे सांडपाणी आपोआप मर्यादेत राहिलं, ही या सगळ्या रचनेतली मला सर्वांत हुशार वाटणारी गोष्ट. एकच छप्पर आवकही बांधतं आणि जावकही.

चुंबे स्वस्त नाही. सात झोपड्यांच्या भाड्यावर रक्षकांचे पगार आणि झांझिबारच्या शाळकरी मुलांच्या सहली चालवायच्या, म्हणजे दर चढेच असणार. शिवाय २०२० मध्ये जगभरचे प्रवासी थांबले तेव्हा संरक्षणाचा पैसा पर्यटनाच्या एकाच खुंटीला टांगण्यातला धोकाही दिसला.

आपल्याकडे लक्षद्वीपच्या निर्जन सुहेलीवर ११० खोल्यांच्या रिसॉर्टची घोषणा २०२३ मध्ये झाली. खोलीत दोघं आणि माणशी तेच १३५ लिटर धरलं, तर नुसत्या पाहुण्यांनाच दिवसाला सुमारे ३०,००० लिटर लागतील. आलिशान खोलीत माणूस एवढ्यावर थांबत नाही आणि कर्मचारी यात धरलेलेच नाहीत. एवढं पाणी बनवायला ९० ते १२० युनिट पुरतील, आणि सौर पॅनेलांना ते सहज झेपेल. अडचण तिथे नाही. तेच ३०,००० लिटर रोज सांडपाणी म्हणून निघणार, आणि सभोवती आहे उथळ लगून आणि प्रवाळ. लाटांचा जोर किनाऱ्याआधी मोडतो तो याच प्रवाळाच्या कड्यावर. इथली बेटं किती नाजूक आहेत पाहा: लक्षद्वीपमधलंच बंगाराम हेही पूर्वी निर्जन होतं, आता तिथे पर्यटक राहतात. त्याच प्रवाळवलयातलं परळी-१ हे चिमुकलं बेट १९६८ मध्ये ०.०३२ चौरस किलोमीटर होतं. केरळमधल्या एका संशोधकाने धूप मोजून २०१७ मध्ये ते नाहीसं झाल्याचं नोंदवलं. म्हणून सुहेलीसारख्या बेटाची निविदा निघते, तेव्हा त्यात खोल्यांच्या आधी दोन गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात: लगूनमध्ये रोज किती नायट्रोजन उतरलेला चालेल, आणि तो कोण, कितीदा मोजणार. खोल्यांचा आकडा नायट्रोजनच्या त्या मर्यादेतून येऊ द्यावा.