कार्यालयातील वाय-फाय: वेगाइतकेच सुरक्षेला महत्त्व

बिनतारी जाळ्याचे संकेत कार्यालयाच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. सप्टेंबर २००८ मधील दिल्ली बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी पाठविलेला ई-मेल मुंबईतील चेंबूर येथील एका कंपनीच्या असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने अशा जोडण्या सुरक्षित करण्याबाबत इंटरनेट सेवा पुरवठादारांना निर्देश दिले.

सर्वांसाठी एकच पासवर्ड असल्यास तो बदलेपर्यंत नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्यालाही प्रवेश मिळत राहतो आणि गैरवापर कोणी केला, हे शोधणे कठीण होते. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र ओळख दिल्यास त्याचा प्रवेश तेवढा बंद करता येतो व वापराची नोंदही राहते. अभ्यागतांसाठी कंपनीच्या संगणकांपासून वेगळे जाळे ठेवणे हिताचे ठरते.