रिपोर्ट नॉर्मल, तरी चेहरा ठणकतो

डोक्याला जोराचा मार बसला की मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो आणि त्याच्या पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. यासाठी कवटी फुटावी लागत नाही, शुद्ध हरपावी असेही नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा मोडलेले हाड दिसते, पेशींमधला हा बिघाड दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. बहुतेक प्रौढ माणसे दोन ते चार आठवड्यांत बरी होतात. मात्र पहिल्या हादऱ्यातून सावरण्याआधी दुसरा बसला, तर डोकेदुखी, चक्कर, उजेड आणि आवाज सहन न होणे, झोप बिघडणे असा त्रास लांबत जातो. काहींचा गाल, जबडा किंवा डोळ्याभोवतीचा भागही दुखू लागतो.

राजगुरुनगरच्या भागात असे लागोपाठ हादरे बसण्याची कारणे रोजच्या जगण्यातच आहेत. पुणे-नाशिक महामार्गावरून चाकणच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारा कामगार दुचाकीवरून घसरतो. कबड्डीपटू, पैलवान आणि घाटात बैलगाडा पळवणारी पोरेही पडतात. मुका मार आहे म्हणत दोन दिवसांत जो तो पुन्हा कामावर नाहीतर मैदानात असतो.

मार डोक्याला लागला तरी गाल का दुखतो, याचे उत्तर नसांच्या रचनेत आहे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी मस्तिष्क नस ट्रायजेमिनल नावाने ओळखली जाते. तिच्या तीन शाखा कपाळ, गाल आणि खालच्या जबड्यात पसरतात. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून येणाऱ्या नसांचे संदेश आणि या नसेचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच केंद्रात मिळतात. त्यामुळे हिसक्याने दुखावलेल्या मानेची वेदना कपाळावर, डोळ्यामागे जाणवू शकते. जबड्याचा कानापुढचा सांधा दुखावला असेल, तर चावताना कळ येते आणि तोंड उघडताना खटका वाजतो. शिवाय महिनोन्‌महिने वेदनेचे संदेश सोसलेली मज्जासंस्था इतकी हळवी होते की साध्या स्पर्शालाही ती दुखणे समजते.

दुखण्याचे वर्णन नीट सांगणे हे इथे निम्मे निदान असते. दात घासताना, तोंड धुताना किंवा गाडीवर गार वारा लागताच चेहऱ्याच्या एका बाजूला विजेसारखी चमक येऊन काही सेकंदांत थांबत असेल, तर ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची शंका येते. अभिनेता सलमान खान याने 2011 मध्ये याच आजारावर अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली होती. या आजारात कार्बामाझेपिन हे औषध बहुधा लागू पडते. ते सुरू असताना रक्ततपासणी लागते आणि अंगावर पुरळ उठल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे लागते. याउलट रोज दोन तासांहून अधिक, तीन महिन्यांपलीकडे टिकणारी, नेमकी जागा दाखवता न येणारी ठसठस असेल आणि दात, सायनस, सांधा, नस यांच्या तपासण्यांत काही सापडत नसेल, तर डॉक्टर तिला अज्ञातहेतुक चेहरादुखी म्हणतात. कारण सापडले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. घरच्यांनी ‘नाटक करतो’ म्हणणे हा या रुग्णाला बसणारा सर्वांत क्रूर फटका आहे.

सर्वांत मोठे नुकसान दाढेपायी होते. जबडा ठणकतो म्हणून चांगली दाढ काढली जाते, दुखणे राहतेच, मग शेजारची काढली जाते. एक्स-रेमध्ये कीड किंवा पू दिसल्याशिवाय दात काढू देऊ नये. दुसरी चूक वेदनाशामक गोळ्यांची. साध्या गोळ्या महिन्यातले 15 किंवा त्याहून अधिक दिवस, असे तीन महिन्यांवर घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. अशा जुनाट वेदनेवर अमिट्रिप्टिलिनसारखे औषध कमी मात्रेत देतात. ते मूळचे नैराश्यावरचे आहे हे कळताच अनेक जण ते टाकून देतात. वेदनेसाठी ते वेगळ्या हिशेबाने दिलेले असते आणि गुण यायला काही आठवडे लागतात.

आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला आता जुना झाला. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, नंतर रोज थोडे चालणे आणि त्रास वाढू न देता हळूहळू वाढवणे, हा आजचा शिरस्ता आहे. मान आणि जबड्यासाठी फिजिओथेरपीचा उपयोग होतो. सांधा दुखत असताना भाकरी दुधात कुस्करून खावी; ऊस, फुटाणे टाळावेत. गार वाऱ्यात चेहऱ्याला रुमाल गुंडाळावा. झोपेची वेळ सांभाळणे औषधाइतकेच मोलाचे, आणि फिरत्या शिफ्टमध्ये तेच सर्वांत अवघड. म्हणून काही आठवडे रात्रपाळी नको, प्रेस शॉपचा दणदणाट आणि उंचावरचे काम नको, असे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. राज्य कामगार विमा योजनेत नाव असलेल्या पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळू शकते. कामावर जाता-येताना झालेला अपघातही ठरावीक अटींवर कामावरचाच धरला जातो, त्यामुळे अपघाताची नोंद पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

सगळी लक्षणे जाऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत आखाडा आणि मैदान बंद. चेहरा बधिर पडणे, तोंड वाकडे होणे, एकाचे दोन दिसणे, वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी किंवा हातापायातली ताकद जाणे, यांतले काहीही दिसले तर वाट न पाहता 108 ला फोन करावा.